चंद्राबाईचं तेलकट बोट

डाळज गावात चंद्राबाईच्या स्वच्छतेचा दरारा होता. तिच्या ओट्यावर पाण्याचा थेंब दिसत नसे, डब्यांवर पिठाचं बोट उमटलेलं नसे, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका चहाचा कप खाली ठेवण्याआधी बशी कुठं आहे ते बघून घेत. नवरा जोतीराम उसाला पाणी देऊन आला की परसातल्या नळावर पाय धुतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नसे. तीस वर्षांत त्यानं एकदाच तो तसा ओलांडला होता, आणि ती हकिगत तो अजून पारावर सांगायचा.

अशा या घरात जानेवारीत त्यांची मुलगी उत्कर्षा पायाला प्लास्टर घालून येऊन पडली. ती पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. सुट्टीला गावी येताना भिगवणच्या अलीकडं ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून तिची स्कूटी घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. गावातली माणसं भेटायला आली, त्यातली निम्मी विहिरीवरच्या मोटारीची लाइट रात्रीऐवजी दिवसा द्यायला सांगून गेली. दोष जोतीरामचा होता. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की तो गेली तीन वर्षं "लाइटीत हाय" एवढंच सांगत आला होता.

ते तसं खोटंही नव्हतं. उत्कर्षाचा सगळा अभ्यास उजेडाचाच होता, फक्त तो उजेड फार बारीक होता. टंगस्टन आणि गंधक यांचा एक काळा चकचकीत खडा असतो. तो चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, सोलायची, परत दुमडायची, परत सोलायची. असं करत करत शेवटी तीन अणूंच्या जाडीचा एकेरी पापुद्रा उरतो, तो सिलिकॉनच्या चकतीवर उतरवून घ्यायचा. खडा जाड असेल तर त्यातून नाव घेण्यासारखा उजेड बाहेर पडत नाही, पण असा एकच थर उरला की त्याच्यावर लेझर टाकल्यावर तो लालसर उजळतो. चंद्राबाईला हे ऐकून पहिल्यांदा वाटलं, पोरगी आपली चेष्टा करते आहे.

अडचण अशी होती की मार्चच्या पहिल्या आठवड्यात संस्थेतल्या एका मोठ्या यंत्रावर उत्कर्षाला चार दिवस मिळाले होते. ते यंत्र म्हणे त्या उजेडाचा जन्म आणि मरण मोजायचं. ते चार दिवस हुकले तर पुढची पाळी दिवाळीनंतर. म्हणून तिच्या मार्गदर्शक राजनंदिनी मॅडमनी फोनवर सांगितलं, पाय मोडलाय, हात नाहीत मोडले. पापुद्रे घरी बसून काढ. खडा, चिकटपट्टी आणि सिलिकॉनच्या चकत्या पुण्याहून आल्या. सूक्ष्मदर्शक मात्र बारामतीच्या ज्या कॉलेजात ती आधी शिकली होती तिथून आणावा लागला. जोतीरामनं तो एसटीत मांडीवर घेऊन आणला, आणि भिगवणपर्यंत कंडक्टर त्याला अर्धं तिकीट काढायला सांगत होता.

देवघराशेजारची खोली उत्कर्षानं ताब्यात घेतली आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितले. या खोलीत झाडू नाही, पंखा नाही, उदबत्तीचा धूर नाही, आणि विचारल्याशिवाय कुणी यायचं नाही. चंद्राबाईनं मान डोलावली, पण आपल्याच घरात एक खोली तीन आठवडे झाडायची नाही हा विचार तिला जेवू देईना. दाराबाहेर उभी राहून ती कोपऱ्यातल्या जळमटाकडं बघायची आणि उसासा टाकून जायची.

दुपारी मात्र ती भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेऊन त्या दारात बसायची, आणि उत्कर्षा पट्टी सोलता सोलता तिला सांगायची. त्यातली एक गोष्ट चंद्राबाईच्या मनात राहिली. पापुद्र्यावर उजेड पडला की आतला एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो. तो उठला की त्याची जागा रिकामी होते. पण तो लांब जात नाही, त्या रिकाम्या जागेभोवतीच घुटमळत राहतो. त्या दोघांची जोडी जमते, तिला एक्सायटॉन म्हणतात. मग कधीतरी तो परत आपल्या जागी येऊन बसतो, जोडी संपते, आणि संपताना उजेडाचा एक कण सोडून जाते.

चंद्राबाईनं विचारलं, "किती दिवस टिकती म्हणायची ही जोडी?"

"दिवस कुठलं गं आई. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. पुष्कळदा तेवढंबी न्हाय."

चंद्राबाईनं दोन-तीन शेंगा फोडल्या. "अन् तेवढं बघायला पाच वर्षं शिकायचं," ती म्हणाली. हे ती टोचून बोलली नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

उत्कर्षा हसली. मग तिनं खरं दुखणं सांगितलं. पापुद्र्यात जागोजागी गंधकाचे अणू गळालेले असतात, तिथं खड्डे पडतात. जोडी फिरत फिरत अशा खड्ड्यात पडली की उजेड न देताच विझते. शंभरातल्या नव्याण्णव जोड्या अशाच वाया जातात. त्यामुळं तिच्या पापुद्र्यांचा उजेड इतका मिणमिणता होता की त्यावर चार दिवस घालवण्यात अर्थ आहे की नाही, याचीच मॅडमना शंका होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक चकती तयार झाली. पोस्टाच्या तिकिटाएवढी, जांभळट रंगाची, आणि तिच्यावर ठिकठिकाणी मिळून तेवीस पापुद्रे, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हते. उत्कर्षानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शोधून कागदावर नकाशा काढला, चकती टेबलावर ठेवली आणि कुबड्या घेऊन अंघोळीला गेली. जाताना म्हणाली की या दाराच्या बिजागऱ्या फार करकरतात, दार हललं की हात दचकतो, काहीतरी कर.

चंद्राबाईनं तेल आणलं आणि तिन्ही बिजागऱ्यांना बोटानं लावलं. दार मुकाट झालं. काम संपवून ती वळली, तर टेबलावरच्या त्या चकतीवर खिडकीच्या उन्हात कसलातरी बारीक कण चमकताना दिसला. धुळीचा असणार. तीन आठवडे तिनं स्वतःला आवरलं होतं. आजही आवरलं असतं, पण पाय खोलीत आणि हात टेबलाशेजारी होता. तिनं मधलं बोट अलगद टेकवून तो कण टिपला. कण निघाला, पण चकतीवर तेलाचा डाग उमटला. धुतलेल्या पदराच्या टोकानं तिनं तो डाग हलकेच टिपून काढला, इतका की काही दिसेनासं झालं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगीचच तांदूळ निवडत बसली.

दुपारी ऋषिराज नावाचा उत्कर्षाचा प्रयोगशाळेतला सोबती पुण्याहून आला, जेवला आणि चकती डबीत घालून घेऊन गेला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. चंद्राबाई भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. पण आतून रडण्याऐवजी उत्कर्षाचा भलताच आवाज आला. तेवीसपैकी नऊ पापुद्रे नेहमीच्या तीसपट उजळले होते. ऋषिराजला वाटलं प्रयोगशाळेतलं मोजणीचं नेहमीचं यंत्र बिघडलं. त्यानं परत मोजलं, मग मॅडमनी स्वतः मोजलं. यंत्र ठीक होतं.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, हे केलंस कसं? उत्कर्षाला माहीत नव्हतं. तिनं तोच खडा, तीच पट्टी, तीच वेळ साधून आणखी दोन चकत्या केल्या. ऋषिराज येऊन घेऊन गेला. दोन्ही मिणमिणत्या निघाल्या.

मग गावात तर्क सुरू झाले. शेजारचे आबासाहेब कारखान्याचे जुने सभासद, प्रत्येक गोष्टीत मत असलेले गृहस्थ. त्यांनी खाटेवर मांडी घालून सांगितलं की हा उजनी धरणाच्या पाण्यावरून येणाऱ्या हवेचा गुण आहे, ती हवा पुण्याला मिळायची नाही. उत्कर्षा इतकी घायकुतीला आली होती की तिनं हे लिहून घेतलं. जोतीरामचं म्हणणं पडलं की त्या दिवशी त्यानं सकाळी उसाच्या खोडव्याला युरिया टाकला होता आणि तेच हात घेऊन तो खोलीत डोकावला होता. तेही लिहिलं गेलं. चंद्राबाईला कुणी विचारलं नाही, कारण तिच्या घरात चुकून काही होत नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी राजनंदिनी मॅडम स्वतः गाडी घेऊन आल्या. बाई चाळिशीची, मूळची सोमेश्वरनगरची, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. आल्या आल्या त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि न सांगता नळावर पाय धुतले, त्यामुळं चंद्राबाईला त्या फार आवडल्या आणि त्यामुळंच तिला जास्त अपराधी वाटू लागलं. मॅडमनी खोलीतली आर्द्रता मोजली, खिडकीची दिशा लिहिली, आबासाहेबांच्या समाधानासाठी उजनीच्या पाण्यावरची हवाही एका बाटलीत भरून घेतली. जेवणं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि चकतीचा नकाशा दाखवला. तेवीस ठिपके होते. मिणमिणते निळे, उजळलेले लाल.

"गंमत बघ उत्कर्षा," मॅडम म्हणाल्या. "हे नऊच्या नऊ एका ठिकाणी आहेत. बाहेरचा एकही नाही उजळला. आणि हा आकार बघ, लांबट गोल."

चंद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती. तिनं तो आकार बघितला आणि ओळखला. मधल्या बोटाचं पेर, जरा डावीकडं कललेलं. तिनं तो हात सावकाश पदराखाली घेतला.

मॅडम गेल्या आणि उत्कर्षाचा चेहरा दिवसागणिक उतरत गेला. ऋषिराज फोनवर म्हणाला की आपण ते मोजमाप सोडून देऊ, एकदाच आलेल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार. मॅडमनीही तसंच काहीसं, पण गोड शब्दांत सांगितलं. यंत्राच्या पाळीला नऊ दिवस उरले होते. त्या दुपारी उत्कर्षा पट्टी हातात धरून नुसती बसून राहिली होती. म्हणाली, "आई, मला वाटतं माझंच कायतरी चुकलंय. मी काय केलं त्ये मलाच आठवंना झालंय."

चंद्राबाईला हे सहन झालं नाही. ती खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. बिजागरी, धुळीचा कण, मधलं बोट, पदर.

चंद्राबाई बोलणी खायला तयार होऊन उभी होती. पण पोरीनं एका पायावर उठून तिचा हात धरला आणि तिचं मधलं बोट उजेडात नेऊन असं न्याहाळलं, जसं कधी तिच्या अंगठीकडंही कुणी बघितलं नव्हतं.

"तेल कसलं होतं?"

आता इथं खरं तर सगळं मिटायचं. पण चंद्राबाईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "शेंगदाण्याचं. घाण्याचं, ताजं. गेल्या महिन्यात तर काढून आणलं."

शेंगदाण्याचं होतं हे खरं. ताजं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात उरलेल्या डब्यातलं ते तेल होतं. खवट झालं म्हणून खायचं नाही आणि टाकवत नाही म्हणून टाकायचं नाही, अशा बेतानं तिनं ते औषधाच्या एका बाटलीत भरून परसातल्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेमागं लपवलं होतं. बिजागऱ्या, विळ्याची मूठ, सायकल असल्या कामाला ती ते वापरायची. चंद्राबाईच्या घरात खवट तेल आहे हे जोतीरामलाही ठाऊक नव्हतं. चकतीला बोट लावल्याचं कबूल करणं एक वेळ सोपं होतं.

उत्कर्षानं लगेच तीन नव्या चकत्या केल्या आणि स्वयंपाकघरातलं सोनेरी, घमघमीत तेल चंद्राबाईच्याच बोटानं त्यांना लावून घेतलं. पदरानं टिपणंही तिच्याकडूनच करून घेतलं, अगदी तोच पदर, तेच टोक. ऋषिराज पुन्हा आला. आता तो डाळजमध्ये इतका ओळखीचा झाला होता की हॉटेलवाला त्याला न विचारता चहा द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप धाडला की तिन्ही चकत्या नुसत्या तेलकट आहेत. आधीच्या मिणमिणत्या चकत्यांपेक्षाही कमी उजळतात.

उत्कर्षा त्या दिवशी रडली. जोतीराम दारात उभा राहून म्हणाला की जाऊ दे, पुढच्या दिवाळीला बघू. चंद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि चुलीवरचं दूध उतरवून ती परसातल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पदरात गुंडाळलेली बाटली होती.

"त्ये ह्ये होतं," ती म्हणाली. "खवट हाय. दोन वर्षाचं. तुझ्या बापाला सांगू नगो."

बाप तीन हात अंतरावर उभा होता. त्यानं बाटलीकडं बघितलं, वास आला तसा नाकाला हात लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोची चूक सापडल्यावर माणसानं जे करू नये ते केलं, म्हणजे हसला. त्याला दोन दिवस कोरडी भाकरी मिळाली.

वेळ थोडा होता म्हणून मॅडमच आल्या. उत्कर्षानं बाटली समोर ठेवली. मॅडमनी टोपण उघडून हुंगलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे तर आमच्या घरी सायकलच्या साखळीला लावायचे," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी समजावून सांगितलं. ताज्या तेलात आम्ल बांधलेलं असतं, मोकळं नसतं. तेल जुनं झालं, कुजत आलं की ते आम्ल सुटं होतं. खवटपणाचा एक भाग तोच. ते सुटं आम्ल पापुद्र्यावर बसून गळालेल्या गंधकाच्या खड्ड्यांची तोंडं बुजवतं. खड्डे बुजले की जोड्या वाटेत विझत नाहीत, जास्त टिकतात, जास्त लांब फिरतात आणि बहुतेक उजेड देऊनच संपतात.

चंद्राबाईनं विचारलं, "म्हंजी त्ये खवट होतं म्हणूनच झालं?"

"खवट होतं म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

मग त्या जरा ओशाळून असंही म्हणाल्या की हेच आम्ल बाजारात शुद्ध मिळतं आणि परदेशात कुणीतरी काही वर्षांपूर्वीच हे करून छापलंय. आपण ते वाचलंही होतं, पण तेलाच्या बाटलीशी त्याचा संबंध डोक्यात आला नाही. म्हणजे शोध असा काही लागला नव्हता. उत्कर्षाला याचं थोडं वाईट वाटलं, चंद्राबाईला मुळीच नाही. आपल्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असलं तेल निघालं, यानं तिच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

यंत्राची पाळी साधली. शुद्ध आम्ल वेळेत मिळालं नाही, म्हणून चारही दिवस डाळजच्या बाटलीवरच काम झालं. उत्कर्षाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, ती काठी टेकत गेली आणि आईला बरोबर घेऊन गेली. प्रयोगशाळेत शिरताना चंद्राबाईनं बुटांवर घालायच्या निळ्या पिशव्या बघितल्या, डोक्यावरची टोपी बघितली, आणि हे लोक बरे आहेत असं तिचं मत झालं. मग दिवे घालवून ऋषिराजनं तिला पडदा दाखवला. काळोखात एक बारीक, वेडावाकडा, तांबूस तुकडा उजळला होता, निखाऱ्यावरची राख झटकल्यावर दिसावा तसा. शेजारी दुसरा होता, त्याला तेल लागलं नव्हतं. तो जेमतेम दिसत होता.

ऋषिराजनं तिला खूश करायला लेझरचा जोर वाढवला. तुकडा जास्त उजळेल असं तिला वाटलं, तर तो फारसा वाढेना. उत्कर्षानं सांगितलं की एकाच वेळी फार जोड्या झाल्या की त्या एकमेकींवर आदळतात आणि उजेड न देता संपतात. चंद्राबाईनं ऋषिराजला जोर परत कमी करायला लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. आपण धूळ टिपायला गेलो तिथं ही वस्तू होती, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिला तिथून हलावंसं वाटेना.

जूनमध्ये निबंध तयार झाला. शेवटी ज्यांचे आभार मानायचे त्या ओळीत उत्कर्षानं आईचं नाव घातलं होतं, आणि ते मराठीत करून फोनवर वाचून दाखवलं: खवट शेंगदाणा तेल पुरवल्याबद्दल चंद्राबाई यांचे आभार.

चंद्राबाई म्हणाली की नाव काढलं तरी चालेल, पण जगभर जाणाऱ्या कागदावर तिच्या घरातलं तेल खवट होतं असं लिहायचं नाही. उत्कर्षा म्हणाली, सगळ्या निबंधाचा जीवच त्या शब्दात आहे. चंद्राबाई म्हणाली, मग दुसरा शब्द काढ, एवढी शिकलीस. हा वाद तीन दिवस चालला, त्यात जोतीराम पडला आणि परत कोरडी भाकरी खाऊन बाहेर निघाला. अखेर मॅडमनी मध्यस्थी केली. इंग्रजीत काय लिहावं हे त्यांनी ठरवलं आणि त्याचा अर्थ चंद्राबाईला स्वतः फोन करून सांगितला: दोन वर्षं जपून ठेवलेलं तेल.

चंद्राबाईनं ते शब्द दोनदा म्हणून बघितले. मग म्हणाली, "ह्ये खरं हाय. असंच लिवा."